वाजलं नाही

रमेश कोंड्यालच्या हातून परीक्षानळी निसटली आणि अख्खी नववी 'अर्रर्र' करून मागं सरली.

"सर, हिकडनं येऊ नका, काचा पडल्यात," पहिल्या बाकावरचा गड्डम ओरडला.

मी उचललेलं पाऊल तसंच अधांतरी धरलं आणि वळसा घालून टेबलाकडे गेलो. रमेशला चार शब्द सुनावले. त्यानं मान खाली घालून कोपऱ्यातला झाडू आणला, फरशी झाडली, काचा सुपलीत भरल्या आणि सुपली खिडकीबाहेर झटकली. तरीही तास संपेपर्यंत अनवाणी पोरं तेवढ्या जागेवरून टाचा उचलून जात होती.

सुपलीत धुळीशिवाय काही नव्हतं. परीक्षानळीही नव्हती. आमच्या शाळेत रसायनशास्त्राचे सगळे प्रयोग हवेत होत असत.

शाळेचं नाव सांगत नाही, कारण शाळा अजून चालू आहे. सोलापूरच्या पूर्व भागात, चादरी आणि टॉवेल विणणाऱ्या यंत्रमागांच्या गल्लीत ती होती. दोन्ही बाजूंना कारखाने, मध्ये आम्ही. सकाळी माग सुरू झाले की शिक्षकांनी ओरडून शिकवायचं आणि मुलांनी ओरडून उत्तरं द्यायची. मध्येच वीज गेली की माग बंद पडत, आणि आपण इतका वेळ किंचाळत होतो हे सगळ्यांच्या एकदम लक्षात येई. 

मी एम.एस्सी. झालो होतो तो कारखान्यात केमिस्ट व्हायला. कारखान्यांचं माझ्याविषयी वेगळं मत पडलं, म्हणून मी शिक्षक झालो. त्या काळी शिक्षक होण्याचा हाच राजमार्ग होता. पहिल्याच दिवशी मी मुख्याध्यापक बिराजदार सरांना विचारलं, "सर, प्रयोगाचं साहित्य?"

"आहे की!" ते म्हणाले. त्यांच्या खुर्चीमागं एक लोखंडी कपाट होतं. त्यावर त्यांनी म्हशीच्या पाठीवर थोपटावं तसं थोपटलं. "भरपूर आहे. आणि सगळं सुस्थितीत आहे."

"मग किल्ली..."

"अहो होटकर सर, उघडलं तर सुस्थितीत कसं राहील?"

मग त्यांनी ड्रॉवरमधून मिठाईचा एक जुना खोका काढला. आत कापसात ठेवलेले काचेचे तुकडे होते.

"हे चंचुपात्र," ते म्हणाले. "लाळगे सरांच्या हातून फुटलं. फुटलेली वस्तू साठ्यातून कमी करायला वरून मंजुरी लागते. प्रस्ताव पाठवलाय. मंजुरी येईपर्यंत तुकडे जपायचे."

"कधी फुटलं?"

"मी रुजू व्हायच्या आधी."

लाळगे सर म्हणजे माझ्या आधीचे विज्ञान शिक्षक. त्या चंचुपात्रानंतर त्यांनी कपाटाला हात लावला नाही. त्याऐवजी त्यांनी हवेतल्या प्रयोगांची ती पद्धत शोधून काढली. निवृत्त होताना त्यांनी ती माझ्या हवाली केली. "परीक्षानळी अशी धरायची," रिकाम्या बोटांनी दाखवत ते म्हणाले. "फार घट्ट नाही. घट्ट धरली की पोरांना खोटं वाटतं. आणि ओतताना डोळे नळीवर ठेवायचे, पोरांवर नाही. तुमचे डोळे नळीवर असले की पोरांचेही नळीवर जातात."

मी कॉलेजात नाटकांत कामं केली होती, ती इथं उपयोगी पडली. वर्षभरात मी लाळगे सरांच्याही पुढं गेलो. गंधकाचा वास आला की मुली ओढणी नाकाला लावत. गरम नळी धरली म्हणून गड्डमनं एकदा बोटाला फुंकर घालत पाणी मागितलं होतं. पण आमचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग हायड्रोजनचा. जस्ताच्या तुकड्यांवर आम्ल ओतायचं, बुडबुडे येतात, नळीच्या तोंडाशी जळती काडी धरायची, आणि वायू 'फट्' असा आवाज करून पेटतो. हा 'फट्' सगळा वर्ग तोंडानं करी, एका दमात. शेजारच्या इतिहासाच्या तासाला तो ऐकू जाई, आणि तिकडची पोरं कागदावर लक्ष ठेवून हसत.

तिसऱ्या बाकावर अंबिका येमूल बसायची. तिचं घर म्हणजे एका कारखान्याच्या मागची खोली. आई मागाच्या धोट्यासाठी सुताच्या कांड्या भरायची, वडील मागावर. मागाच्या पोरांसारखाच तिचा आवाज मोठा, साधं 'हजर' म्हटलं तरी भांडण काढल्यासारखं वाटे. पण 'फट्'च्या वेळी ती गप्प राही. एकदा मी विचारलं, "येमूल, तुला आवाज ऐकू आला नाही काय?"

"आला सर," ती म्हणाली. "पोरांचा आला."

वर्ग हसला. मी तिला खाली बसवलं आणि पुढचा प्रयोग घेतला.

माझी पहिली दोन वर्षं परिवीक्षेची होती. त्यानंतर कायम व्हायचं की नारळ मिळायचा, हे तपासणीवर ठरणार होतं. त्यात बार्शीचं एक प्रकरण होतं. तिथले देशमाने नावाचे गृहस्थ आपली मुलगी मला द्यायला तयार होते. पाहण्याच्या कार्यक्रमात तिनं माझ्या पोह्यांवर खोबरं इतरांपेक्षा जास्त घातलं होतं, आणि तो मी तिचा होकार धरला होता. देशमान्यांचा होकार मात्र सशर्त होता. निघताना ते मला जिन्यापर्यंत पोचवायला आले आणि म्हणाले, "कायम झालात की कळवा." अभिनंदन करावं तशा सुरात म्हणाले, त्यामुळे अट आहे हे मला खालच्या पायरीवर आल्यावर कळलं.

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बिराजदार सरांनी मला बोलावलं. त्यांच्या कपाळाला घाम होता.

"घाडगे मॅडम येणार आहेत तपासणीला. उपशिक्षणाधिकारी. तुमचा पाठ बघणार."

"बघू दे की सर."

"प्रयोगाचा पाठ बघणार आहेत. निरोपात स्पष्ट म्हटलंय, प्रत्यक्ष प्रयोग."

'प्रत्यक्ष' हा शब्द त्यांनी डॉक्टरनं रोगाचं नाव सांगावं तसा उच्चारला.

"मग कपाट उघडू या," मी म्हणालो. "हायड्रोजन घेतो. पोरांना तो पाठ आहे. फक्त दोन दिवस आधी किल्ली द्या, सराव करून घेतो."

"सरावात काही फुटलं तर मॅडमना काय दाखवू? त्या दिवशीच उघडू. सराव तुमच्या पद्धतीनं करा. ती काय वाईट आहे?"

वाईट नव्हतीच. आम्ही आठवडाभर सराव केला. काडी धरायला मी अंबिकेला निवडलं, कारण बाकी सगळ्यांचे हात हसू दाबताना थरथरत. तिचा हात स्थिर होता. पोरांना मी एवढंच सांगितलं की हा पाठ नीट झाला नाही तर पुढच्या वर्षी मी इथं नसेन. हे सांगायचं नव्हतं, पण निघून गेलं. गड्डम उभा राहिला आणि म्हणाला, "सर, तुम्ही काळजीच करू नका."

त्या वाक्याची मला तेव्हाच काळजी वाटायला हवी होती.

तपासणीच्या दिवशी बिराजदार सरांनी कुलपात खोबरेल सोडलं आणि कपाट उघडलं. आतून जुन्या देवघरासारखा वास आला. परीक्षानळ्या होत्या, स्टँड होता, जस्ताचे तुकडे होते, आणि हायड्रोक्लोरिक आम्लाची मोठी बाटली होती, गळ्यापर्यंत भरलेली.

"बघा," सर अभिमानानं म्हणाले. "थेंब कमी नाही."

मी बूच काढलं. आम्लाचा नाकात झोंबणारा वास येतो, तो आला नाही. जुन्या बाटलीचा जोर कमी होत असेल, असं मी स्वतःला सांगितलं. लग्नाळू माणूस स्वतःला बरंच काही सांगू शकतो.

घाडगे मॅडम बुटक्या, सुती साडीतल्या, चष्म्याच्या वरून बघणाऱ्या बाई होत्या. त्यांना मागं खुर्ची दिली होती. ती उचलून त्या थेट टेबलाशी येऊन बसल्या. बिराजदार सर दाराशी हात बांधून उभे राहिले. बाहेर माग खडखडत होते.

मी सुरुवात केली. नळी उचलली, तर तिला वजन होतं. इतके दिवस बिनवजनाच्या नळ्या हाताळल्यामुळं ती जवळजवळ पडलीच. पोरं श्वास रोखून बघत होती. खरी काच त्यांच्यातल्या पुष्कळांनी वर्गात पहिल्यांदाच पाहिली. मी जस्ताचे तुकडे टाकले, आम्ल ओतलं आणि सवयीनं म्हणालो, "बघा, बुडबुडे येत आहेत."

"येत आहेत!" वर्ग म्हणाला.

मग मी नळीकडे बघितलं. जस्ताचे तुकडे तळाशी स्वस्थ पडले होते, दुपारी ओसरीवर पडलेल्या म्हाताऱ्यांसारखे. एकही बुडबुडा नव्हता.

पण पाठ सुरू झाला होता, आणि सुरू झालेला पाठ थांबवायचं मला कुणी शिकवलं नव्हतं. अंबिकेनं काडी पेटवली आणि नळीच्या तोंडाशी धरली. ज्योत सरळ उभी राहिली, खाली आली, तिच्या बोटापर्यंत पोचली. तिनं काडी विझवली.

"फट्!" सगळा वर्ग म्हणाला.

असा देखणा फट् आमच्याकडूनही आधी कधी झाला नव्हता. मॅडम खुर्चीत दचकल्या.

"हा आवाज कुठून आला?"

"नळीतून!" पोरं म्हणाली.

"परत करा," मॅडम मला म्हणाल्या.

मी नळीत आणखी थोडं आम्ल ओतलं. अंबिकेनं दुसरी काडी लावली. या वेळी मॅडम नळीवर वाकल्या होत्या, मुलांकडे पाठ करून. काडी जळून संपली.

"फट्!!"

मागच्या बाकांनी जरा जास्तच जीव ओतला होता.

मॅडम सावकाश वळल्या. "ज्यांनी ज्यांनी नळीतून आवाज ऐकला, त्यांनी हात वर करा."

सगळ्यांचे हात वर गेले. गड्डमनं दोन्ही केले. दाराशी बिराजदार सरांचाही हात वर होता; बहुधा त्यांना ते कळलं नसावं. फक्त टेबलाशी उभी असलेली अंबिका विझलेली काडी धरून तशीच उभी होती.

"तू का नाही केलास हात वर?"

"वाजलं नाही मॅडम," अंबिका म्हणाली. तिच्या त्या आवाजात म्हणाली, त्यामुळं ते सगळ्या वर्गाला, दाराशी आणि बहुधा रस्त्यावरही ऐकू गेलं.

"मग हे एवढे सगळे?"

"ते सरांसाठी वाजवलं त्यांनी."

"ए गप ग!" गड्डम दातांतल्या दातांत म्हणाला.

बिराजदार सर लगबगीनं पुढं आले. घसा खाकरून, आवाज मऊ करून म्हणाले, "मॅडम, त्याचं काय आहे, ही मुलगी कारखान्यातच राहते. रात्रंदिवस मागांचा आवाज. कानानं जरा कमी आहे बिचारी. या भागातली पुष्कळ मुलं अशीच. आम्ही सांभाळून घेतो."

मागाच्या भागात असं खरंच होतं. म्हणजे उत्तर चोख होतं, कुणालाही पटलं असतं. अंबिकेनं सरांकडे बघितलं, मग माझ्याकडे. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. आपण कानानं कमी आहोत की नाही, हे आता सर सांगतील, एवढंच होतं.

मॅडम माझ्याकडे वळल्या. "असं आहे का, होटकर सर? हिला ऐकू कमी येतं?"

वर्ग माझ्याकडे बघत होता. बिराजदार सर बघत होते. बार्शीही बघत होती, जिन्याच्या वरच्या पायरीवरून.

"नाही मॅडम," मी म्हणालो. "तिला चांगलं ऐकू येतं. वाजलं नाही."

गड्डमनं डोक्याला हात लावला. बिराजदार सरांनी एकदा कपाटाच्या दिशेनं बघितलं, घरातलं माणूस गेल्यावर बघावं तसं.

तेवढ्यात अंबिका म्हणाली, "का नाही वाजलं सर?"

दोन वर्षं मी या मुलांना प्रयोग शिकवत होतो, आणि हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. विचारायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे न वाजलेलं काही नसेच.

"माहीत नाही," मी म्हणालो. "बघू या."

मॅडम काही तरी लिहायला निघाल्या होत्या, त्या थांबल्या.

"काडी ओली असंल," रमेश म्हणाला.

"जळली की रे डोळ्यांसमोर," अंबिका म्हणाली.

"मग जस्त शिळं झालं असंल."

"जस्त काय भाकरी आहे?"

"मग राहिलं काय?" मी विचारलं.

सगळ्यांनी बाटलीकडे बघितलं. बिराजदार सरही बघत होते, पण त्यांचं बघणं वेगळं होतं.

"हे आम्ल आहे की नाही, कसं ओळखायचं?" मी म्हणालो.

"चाखून बघू सर," गड्डम म्हणाला. झालेलं नुकसान तो अंगावर घ्यायला तयार होता.

"खाली बस."

"फरशीवर ओता सर," मागून कुणी तरी म्हणालं. लगेच आणखी तिघं-चौघं बोलायला लागली. चाळीतल्या संडासात ॲसिड टाकलं की शहाबादी फरशी कशी फसफसते, पांढरी पडते, कुणाच्या आत्याची चप्पल कशी जळाली, असं सगळं एकदम. खालची फरशी शहाबादीच होती. मी बाटली उचलली.

"होटकर सर, साठा!" बिराजदार सर म्हणाले, पण तोवर मी ओतलं होतं.

ते फरशीवर पसरलं. सगळा वर्ग बाकांवर गुडघे टेकून वाकला. फेस नाही, फसफस नाही. ओघळ शांतपणे मॅडमच्या चपलेपर्यंत गेला. मॅडमनी पाय उचलला नाही.

"पाणी हाय," रमेश म्हणाला.

मॅडमनी बिराजदार सरांकडे बघितलं.

"त्याचं काय आहे मॅडम," सर म्हणाले, "स्नेहसंमेलनाला पाहुणे येतात. त्याआधी संडास धुवावे लागतात. तेवढ्यापुरतं थोडं घेतो, दर वर्षी."

"आणि बाटली भरलेली कशी?"

"साठा तपासणीत पातळी बघतात ना मॅडम," सर कळकळीनं म्हणाले. "पातळी मी कधी कमी होऊ दिली नाही."

मॅडमनी लिहिलं. मला वरून दिसत होतं: 'प्रयोग अयशस्वी.' मग त्या उठल्या. जाताना अंबिकेजवळ थांबल्या.

"आवाज मोठा आहे ग तुझा."

"माग चालतात ना मॅडम," अंबिका म्हणाली.

माझं कायम होणं वर्षभर पुढं गेलं. बार्शीला कळवण्यासारखं काही राहिलं नाही, आणि बार्शीनंही वाट बघितली नाही. ती मुलगी एका बँकेतल्या माणसाकडे गेली. बँकेत सगळं पहिल्यापासून कायम असतं.

नववीनं अंबिकेशी बोलणं टाकलं. बाकावर तिच्या शेजारी जागा रिकामी राहायला लागली. गड्डमनं तिला सुनावलं, "सर जाणार आता. तुझ्यामुळं." ती पाठ्यपुस्तक उघडून बसली.

पुढच्या आठवड्यात मी हार्डवेअरच्या दुकानातून फरशी धुवायचं ॲसिड आणलं. टॉर्चचा जुना सेल फोडून त्याचं बाहेरचं जस्ताचं नळकांडं कापलं. परीक्षानळीऐवजी दवाखान्यातून इंजेक्शनची रिकामी बाटली मागून आणली, चांगली धुतली. कपाटाला पुन्हा कुलूप लागलं होतं. त्याची मला गरज नव्हती.

तासाला मी हे सगळं टेबलावर मांडलं. काय करणार ते सांगितलं नाही. बिराजदार सर वऱ्हांड्यातून जाताना दारात थबकले आणि तिथंच उभे राहिले.

मी जस्ताचे तुकडे टाकले आणि ॲसिड ओतलं. "बघा," एवढंच म्हणालो. पुढचं वाक्य गिळलं.

बुडबुडे यायला लागले. आधी दोन-चार, मग रांगेनं, मग बाटली गढूळ दिसेपर्यंत. पहिल्या बाकावरची पोरं उठून उभी राहिली. कुणी काही म्हणालं नाही. मी काड्यापेटी अंबिकेपुढं धरली. ती आली, काडी पेटवली, बाटलीच्या तोंडाशी नेली.

वाजलं. पण कसं? उवा मारताना नखावर वाजतं तेवढं. दोन वर्षं आम्ही ज्याच्यासाठी वर्ग दणाणून सोडत होतो, तो आवाज एवढासाच होता. बाहेर माग खडखडत होते. मागच्या बाकांना ऐकू जाणं शक्यच नव्हतं.

मी वाट बघत होतो. वर्गातून 'फट्' आला नाही. एकाही तोंडातून नाही. सगळे माना पुढं काढून बघत होते.

मग पहिल्या बाकावरचा गड्डम, आठवडाभर जिच्याशी बोलत नव्हता तिला म्हणाला, "वाजलं काय ग?"

अंबिकेनं बाटलीकडे एकदा नीट बघितलं.

"वाजलं," ती म्हणाली.

गड्डम मागं वळला. "वाजलं म्हणते." तिथून ते दुसऱ्या बाकावर गेलं, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, वाजलं म्हणते, वाजलं म्हणते, असं शेवटच्या भिंतीपर्यंत पोचलं, आणि प्रत्येक बाकावर माना हलल्या.

"काय झालं?" दारातून बिराजदार सरांनी विचारलं.

"वाजलं सर!"

"कोण म्हणतं?"

"येमूल म्हणते."

"मग बरोबर," सर म्हणाले आणि निघून गेले.

मी काड्यापेटी खिशात घातली. मला कुणी विचारलं नव्हतं.